शेपटीला धरून बसलेला अकरा नंबर

आमची आत्या आजवर एकाही लग्नात शेवटपर्यंत थांबलेली नाही. येते, नवरा-नवरीकडे बघून हसते, जेवणाच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी राहते आणि हात वाळायच्या आत निघते. कुणी म्हणालं, "अहो, बसा की जरा," तर तिचं उत्तर ठरलेलं: "लेकरं उपाशी आहेत." नव्याने नात्यात आलेली माणसं हळहळतात. जुनी मंडळी एकमेकांकडे बघतात, कारण आत्याला मूलबाळ नाही हे त्यांना माहीत असतं, आणि ही लेकरं प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत, गुलाबी पाण्यात राहतात हेही.

गेली सत्तावीस वर्षं ती एका संशोधन संस्थेत पेशी वाढवते. हुद्दा 'प्रयोगशाळा सहायक, श्रेणी दोन'. श्रेणी एक कधी मिळणार असं कुणी विचारलं की म्हणते, "वरची जागा रिकामी झाली की." ती जागा रिकामी होऊन नऊ वर्षं झाली. संस्था घाईत निर्णय घेत नाही.

तिची खोली तळमजल्यावर, बिनखिडकीची. आत जायला एकामागे एक दोन दारं. आत काचेचा पडदा असलेलं, सतत घोंगावणारं हवेचं कपाट, सदतीस अंशांवर ठेवलेला इनक्युबेटर, एक सूक्ष्मदर्शक आणि स्पिरिटची फवारणीची बाटली. तिथे प्रत्येक वस्तूवर स्पिरिट मारून मगच ती हातात घ्यायची. हातमोजे, झाकणं, टेबल, पेन, चष्मा. आतोबा म्हणतात, "माझ्यावर मारलं नाही एवढंच." वरच्या तीन मजल्यांवर शास्त्रज्ञ बसतात. त्यांना खिडक्या आहेत, कारण विचार करायला उजेड लागतो.

संस्थेचे शोधनिबंध छापून येतात तेव्हा वर चौदा-पंधरा लेखक असतात. अगदी शेवटी, बारीक टायपात आभार. एकदा त्यात वातानुकूलन यंत्रणा बघणाऱ्या कंत्राटदाराचं नाव आलं आणि त्यानंतर 'तसेच तांत्रिक कर्मचारीवर्ग' असं आलं. आतोबांनी ते पान फ्रिजवर लावलं, 'कर्मचारीवर्ग'खाली लाल रेघ ओढली आणि शेजारी आत्याचं नाव लिहिलं. पाहुण्यांना ते आवर्जून दाखवतात.

आत्याचं काम तिच्याच शब्दांत सांगायचं तर सोयरीक जुळवण्याचं. आपलं शरीर शत्रूला पकडायला अँटीबॉडी नावाचं प्रथिन तयार करतं. ते तयार करणारी पेशी हुशार, पण बाटलीत आठवडाभरही टिकत नाही. उलट कर्करोगाची पेशी डोक्याने यथातथाच, पण मरायचं नाव घेत नाही. तेव्हा उंदराला विषाणूचा तुकडा टोचायचा, त्याच्या प्लीहेतून पहिली पेशी काढायची आणि एक चिकट रसायन घालून दुसरीशी तिची गाठ मारायची. जमलं तर हुशारी एकीची आणि आयुष्य दुसरीचं.

"माणसांत असा योग फारसा येत नाही," ती आतोबांकडे बघून म्हणते.

"यातला मी कोण? हुशार का?" आतोबा विचारतात.

"आयुष्य भरपूर आहे तुम्हाला," आत्या म्हणते.

अशी प्रत्येक गाठ एकदाच पडते. उंदीर केव्हाच गेलेला असतो आणि तीच जोडी पुन्हा जमत नाही. म्हणून गाठ पडलेल्या प्रत्येक पेशीचं वेगळं बिऱ्हाड थाटायचं, तिला नंबर द्यायचा आणि दर दोन दिवसांनी खायला घालायचं. सुट्टी, मोर्चा, ताप, लग्न, काहीही असो.

दोन वर्षांपूर्वी संस्थेने एक विषाणू हाती घेतला. तान्ह्या मुलांना धाप लावणारा. त्याच्या अंगावरच्या एका प्रथिनाला पकडून ठेवणारी अँटीबॉडी मिळाली की विषाणू पेशीत शिरूच शकणार नाही, असा बेत होता. आत्याने अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं जगवली. मग चाचणी. प्लास्टिकच्या प्लेटमधल्या बारीक खळग्यांच्या तळाशी विषाणूचं प्रथिन चिकटवायचं, वरून प्रत्येक बिऱ्हाडाचं अँटीबॉडी उतरलेलं पाणी घालायचं. अँटीबॉडीने प्रथिनाला धरलं तर खळगा पिवळा होतो. नऊ खळगे पिवळे झाले. त्यातला अकरा नंबर असा काही पिवळाधमक झाला की संचालक साहेब स्वतः जिना उतरून तळमजल्यावर आले. सत्तावीस वर्षांतली ही त्यांची दुसरी खेप. पहिल्या वेळी ते चुकून आले होते.

बेचाळीस नंबरही पिवळा झाला होता, पण पिवळा म्हणायला मन मोठं करावं लागलं असतं.

अकरा नंबरची वरात निघाली ती थेट तिसऱ्या मजल्यावर. तिथे थ्रीडी बसतो. हा संस्थेतला तरुण शास्त्रज्ञ. समोर येईल ती गोष्ट पडद्यावर घेऊन गोल गोल फिरवतो, म्हणून हे नाव. त्याचं काम अँटीबॉडीची डागडुजी करण्याचं. उंदराची अँटीबॉडी माणसाला टोचली तर शरीर तिलाच परकी समजून हाकलतं. म्हणून तिचं सगळं अंग माणसाचं करायचं आणि शत्रूला धरणारी बोटं तेवढी उंदराची ठेवायची. थ्रीडीने अकरा नंबरचं असं अंग पडद्यावर बेतलं आणि ते विषाणूला कसं मिठी मारतं याचं आठ फुटी चित्र काढलं. कुठे मिठी मारायची हे संगणकाला त्यानेच सांगितलं होतं. संगणक आज्ञाधारक आहे. चित्र प्रवेशद्वारापाशी लागलं. अँटीबॉडीला नाव काय द्यावं यासाठी समितीच्या तीन बैठका झाल्या. ती नक्की कशाला धरते यासाठी एकही झाली नाही, कारण ते सगळ्यांना माहीतच होतं.

नंतरच्या सोमवारी आत्याकडून चूक झाली.

चाचणी पुन्हा करताना सोबत एक कोरी प्लेट लावायची असते. तिच्यात विषाणूचं प्रथिन नसतं, म्हणून तिथे काहीच पिवळं व्हायला नको. आत्याने थंड कपाटातून प्लेट काढली, नेमाप्रमाणे स्पिरिट मारून पुसली आणि अठ्ठेचाळीस जणांचं पाणी घातलं. तासाभराने बघते तर आठ खळगे पिवळे. अकरा नंबर त्यात सगळ्यांच्या पुढे. आधीच्या नऊ पिवळ्यांपैकी फक्त बेचाळीस पाण्यासारखा नितळ.

प्लेट कोरी नव्हती. स्पिरिटने तिच्यावरची शाईच पुसली गेली होती. कोपऱ्यातल्या चिकटपट्टीवरून ती शेजारच्या विभागाची निघाली. आत्या तिथल्या बाईंकडे गेली.

"अगं, माझ्या हातून तुझी प्लेट वापरली गेली. काय होतं तिच्यात?"

"ते होय? कपड्यांवरचे डाग काढणारं एन्झाइम. पावडरीत घालतात ते. काय झालं?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "आमच्याकडच्या आठ जणांना फार आवडलं."

जिना चढताना तिला उलगडा झाला. प्रथिन गाळून वेगळं काढायला सोपं जावं म्हणून त्याला एक छोटी शेपटी जोडतात. बादलीला कडी असते तशी. विषाणूच्या प्रथिनाला जी शेपटी होती तीच या डाग काढणाऱ्या एन्झाइमलाही होती, कारण ती जोडण्याची रीत सगळ्या इमारतीत एकच आहे. उंदराला प्रथिन शेपटीसकट टोचलं होतं. अकरा नंबरने विषाणूकडे ढुंकूनही न बघता शेपटी धरली होती. प्रत्येक चाचणीत शेपटी होतीच, त्यामुळे तो प्रत्येक चाचणीत पहिला आला. खऱ्या विषाणूला शेपटी नसते.

आत्याने आधी थ्रीडीला गाठलं. दोन्ही प्लेट त्याच्यासमोर ठेवल्या. त्याने एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. या वेळी काही फिरवून बघायची गरज पडली नाही.

"ताई, हे कोणाला बोललात?"

"तुलाच."

"मग बोलला नाहीत असं समजा."

"का रे?"

"आठ फुटी आहे ते चित्र, ताई."

त्याच संध्याकाळी पत्रक आलं. एकाच यशस्वी क्लोनवर, म्हणजे बिऱ्हाडावर, लक्ष केंद्रित करण्याच्या हेतूने आणि पेशी गोठवून ठेवायच्या नायट्रोजनच्या टाकीत जागा व्हावी म्हणून अकरा सोडून बाकी सत्तेचाळीस बिऱ्हाडं शुक्रवारी पाचच्या आत ब्लीचमध्ये नष्ट करावीत. खाली तक्ता होता. नंबर, नष्ट केल्याची वेळ, सही, शेरा.

मंगळवारी ती संचालक साहेबांकडे गेली. साहेबांनी तिला बसायला सांगितलं, यावरूनच तिने ओळखलं की काही होणार नाही.

"म्हणजे आपली अँटीबॉडी साबणाला चिकटते, असं तुमचं म्हणणं आहे?"

"साबणाला नाही साहेब. शेपटीला."

"आणि हे तुम्हाला कसं कळलं?"

"चुकीची प्लेट लागली."

"चुकीची," साहेब म्हणाले. त्यांना एवढा एकच शब्द हवा होता. "ताई, सत्तावीस वर्षं तुम्ही पेशी सांभाळल्या. उत्तम सांभाळल्या. निष्कर्ष सांभाळायला आम्ही आहोत ना?"

"मग योग्य प्लेट लावून बघू या. एक दिवसाचं काम आहे."

"आणि बघायला सांगितलं कोणी, असं वरून विचारलं तर? एका चुकीच्या प्लेटने?" साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "बेचाळीसचं म्हणाल तर तो दिसतोही का नीट?"

"फिका आहे."

"बघा!" साहेब खूश झाले. "तुम्हीच म्हणताय."

घरी आतोबा नळाची तोटी उघडून बसले होते. ते पाण्याचे मीटर दुरुस्त करण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेत आणि आता घरातलं जे चांगलं चाललंय ते दुरुस्त करतात. आत्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझा अकरा नंबर हवेवर फिरतोय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अगं, नळात पाणी नसलं आणि नुसती हवा आली तरी मीटर फिरतो. उलट जोरात फिरतो. लोक भांडायला यायचे, पाणी नाही आणि आकडा कसा वाढला म्हणून. आमचा साहेब म्हणायचा, मीटर फिरला म्हणजे पाणी गेलंच."

"मग तुम्ही काय करायचात?"

"मी? मी कशाला काय करतोय? सही करायचो." ते तोटीचा आटा पुसत राहिले. मग म्हणाले, "करायला नको होती, असं आता वाटतं. आता वाटून काय उपयोग म्हणा."

बुधवारी थ्रीडी तळमजल्यावर आला. त्याला तिथे कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे स्पिरिट कुठे मारायचं हेही त्याला सांगावं लागलं. दार लावून घेत तो म्हणाला, "ताई, एक सुचवू? बेचाळीसवर दुसऱ्या कुठल्या तरी जुन्या क्लोनचं नाव टाका आणि टाकीत खाली ढकलून द्या. नष्ट केला म्हणून सही करा. पुढेमागे बघू."

"आणि मी उद्या पायरीवरून पडले तर?"

"असं काय बोलता?"

"अरे, मग कोणाला कळणार तो कोण आहे ते? नाव बदललेली पेशी आणि मेलेली पेशी यात मला तरी फरक दिसत नाही. इथे नंबर नाही तर काही नाही."

थ्रीडीने स्पिरिटची बाटली जागेवर ठेवली. मग हळूच म्हणाला, "मी सांगितलं असतं साहेबांना. पण माझी मुदतवाढ त्यांच्याच सहीने होते."

"माहीत आहे मला. जा, जेवून घे."

शुक्रवारी सकाळी तिने कामाला सुरुवात केली. एकेक बाटली इनक्युबेटरमधून काढायची, सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघायची, मग ब्लीच. गुलाबी रंग पहिल्यांदा पिवळट होतो, मग जातोच. शेहेचाळीस वेळा वेळ लिहिली, शेहेचाळीस सह्या केल्या. साडेतीन वाजता ती बेचाळीसशी आली. बाटली पुन्हा इनक्युबेटरमध्ये ठेवली आणि तक्ता पुढे ओढला. वेळेचा रकाना रिकामा, सहीचा रिकामा. शेऱ्यात लिहिलं: 'नष्ट केलेला नाही. सोमवारी माझ्या चुकीने शेजारच्या विभागाची प्लेट वापरली गेली. तिच्यावर अकरा नंबर शेपटीला धरतो असे दिसले. बेचाळीस धरत नाही. प्लेट सोबत आहे.' 'माझ्या चुकीने' हे शब्द तिने आधी गाळले होते, मग वर घातले. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि तिच्या नोंदपुस्तकात आजवर एकही चूक नव्हती. प्लेट पिशवीत घालून तिने तक्त्याला टाचली.

हा कागद संचालकांकडे जात नाही. तो जातो दर्जा विभागात, रकानाबाईंकडे.

रकानाबाईंना अँटीबॉडी म्हणजे काय हे नीटसं माहीत नाही आणि ते माहीत करून घ्यायची त्यांना कधी गरजही पडलेली नाही. त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर आहे: रकाना रिकामा राहता कामा नये. संस्थेतले मोठमोठे शास्त्रज्ञ त्यांना बघून जिना बदलतात. त्यांनी तक्ता वाचला आणि फोन उचलला.

"ताई, हे दोन रकाने?"

"रिकामे आहेत."

"ते दिसतंय मला. का?"

"शेऱ्यात लिहिलंय."

"वाचलं. शेऱ्यात चूक नोंदवली की तिची मान्य पद्धतीने फेरतपासणी करून निकाल जोडावा लागतो. नियम सतरा. तोपर्यंत अकरा नंबर दाराबाहेर जात नाही. आणि बेचाळीसलाही हात लावायचा नाही कोणी."

"साहेब म्हणाले होते, गरज नाही."

"तसं त्यांनी लिहून दिलंय का?"

"नाही."

"मग म्हणाले नाहीत," रकानाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दोन वर्षं वरच्या मजल्यांवरच्या अठरा जणांची बुद्धी जे करू शकली नाही, ते नियम सतराने पावणेपाच वाजता केलं.

फेरतपासणी मंगळवारी झाली, वरच्या मोठ्या खोलीत, सगळ्यांसमोर. आत्याने तीन प्लेट लावल्या. पहिलीत शेपटीसकट विषाणूचं प्रथिन, दुसरीत शेपटी कापून टाकलेलं तेच प्रथिन, तिसरीत शेपटीवालं डाग काढणारं एन्झाइम. अकरा नंबर पहिलीत लखलखला, तिसरीत लखलखला. दुसरीत त्याचा मागमूस नव्हता. बेचाळीस पहिल्या दोन्हींत फिका पिवळा, तिसरीत काही नाही. थ्रीडी खिडकीबाहेर बघत होता. खिडक्यांचा तो एक उपयोग असतो.

साहेबांना सावरायला फार तर दहा सेकंद लागले.

"उत्कृष्ट!" ते म्हणाले. "शेपटी इतकी घट्ट पकडणारी अँटीबॉडी! प्रत्येक प्रयोगशाळेला लागते ही. शेपट्या तर सगळेच जोडतात. आपण अगदी योग्य दिशेने चाललो होतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. काही जण तर योग्य दिशेचं श्रेय वाटूनही घ्यायला लागले. आणि खोटं म्हणावं तर तसंही नव्हतं. अकरा नंबर आज संस्थेचं सगळ्यात जास्त मागणी असलेलं उत्पादन आहे. आठ फुटी चित्रातला विषाणू पुसून तिथे शेपटी काढली. मिठी तीच राहिली, ती कशालाही शोभते.

"आणि बेचाळीस?" आत्याने विचारलं.

"ठेवा की," साहेब उठता उठता म्हणाले. "नको कोण म्हणालंय?"

आत्याच्या नोंदपुस्तकात चूक नोंदली गेली. 'कोरी प्लेट घेताना निष्काळजीपणा.' खाली रकानाबाईंचा शिक्का. त्या स्वतः पुस्तक घेऊन तळमजल्यावर आल्या होत्या. म्हणाल्या, "हे मला लिहावंच लागतं." आत्या म्हणाली, "लिहा. घडलंय ते." मग दोघींनी चहा घेतला. खोलीत चहा आणायला बंदी असल्यामुळे दाराबाहेर उभ्यानेच.

त्यानंतरचे चार महिने बेचाळीसकडे कोणी फिरकलं नाही, आत्या सोडून. त्याची वाढ सावकाश, खाणं कमी, नखरे जास्त. पाण्यात जरा फरक पडला की रुसायचा. थ्रीडीने मात्र न सांगता त्याचा आराखडा करायला घेतला. बोटं उंदराची, अंग माणसाचं. पहिल्या दोन वेळा अंग असं बेतलं की अँटीबॉडी काहीच धरेना. तिसऱ्या वेळी धरायला लागली. हे तो कोणाला म्हणाला नाही. चित्रही काढलं नाही.

खऱ्या विषाणूवरची चाचणी मागच्या इमारतीत झाली. प्लेटच्या खळग्यांत माणसाच्या पेशींचा पातळ थर, त्यावर विषाणू आणि सोबत अँटीबॉडी. पाचव्या दिवशी आत्याला तिथे बोलावलं, कारण पेशी जिवंत आहेत की मेल्यात हे नुसत्या नजरेने सांगणारं दुसरं कोणी इमारतीत नव्हतं. एका ओळीत अकरा नंबर होता, तुलनेसाठी. तिथला थर सोलपटून तरंगत होता. दुसऱ्या ओळीत बेचाळीस.

ती बराच वेळ डोळा लावून बसली. थ्रीडीला राहवेना.

"काय दिसतंय, ताई?"

"थर आहे."

"सगळा?"

"चारातल्या तीन खळग्यांत. चौथ्यात कडेने गेलाय."

"म्हणजे थांबवतो तो!" थ्रीडी खुर्चीवरून उठलाच. "ताई, थांबवतोय! साहेबांना फोन करू?"

आत्याने डोळा काढला, चष्मा लावला. भिंगाची कड दाबून तिच्या डोळ्याभोवती गोल वळ उमटला होता. तिने हातमोजे काढले आणि नवीन जोडी ओढून चढवली.

"आधी दुसरी प्लेट लाव," ती म्हणाली. "आणि कुठल्या ओळीत कोण आहे ते मला सांगू नकोस."